मदत हवी आहे: फॉर्म सबमिट होत नाही आणि स्क्रीन रीडर गप्प

अधीर
मला दिसत नाही, पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर म्हणजे स्क्रीन रीडर वापरतो. नोकरीचा ऑनलाइन अर्ज भरतोय, मुदत उद्या संपते. सगळं भरून झालं. सबमिटवर एंटर मारला की काहीच होत नाही. पान बदलत नाही, एरर नाही, स्क्रीन रीडर 'सबमिट बटन' म्हणतो आणि गप्प. जरा शोधाशोध करावी तर सेशन संपतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू. 'कोणाला तरी शेजारी बसवून भरून घ्या' हा सल्ला कृपया नको, माहिती माझी खासगी आहे. लवकर सांगा.

टॅबटॅब
कुठला स्क्रीन रीडर? कुठला ब्राउझर? लॅपटॉप की मोबाइल?

सहजच
मोबाइलवर भरा ना, टॉकबॅकवर (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) सोपं जातं. मी सगळं मोबाइलवरच करते.

अधीर
स्क्रीन रीडर एनव्हीडीए, ब्राउझर क्रोम, लॅपटॉप. मोबाइलवर त्यांची साइट 'कृपया संगणक वापरा' म्हणते.

जुनाजाणता
जॉज हा स्क्रीन रीडर घ्या. इन्सर्ट + एफ५ दाबलं की फॉर्ममधल्या सगळ्या फील्डची यादी समोर येते, काय राहिलंय ते लगेच कळतं. विंडोजवर १९९५ पासून आहे, उगाच नाही टिकलं.

टॅबटॅब
उद्या मुदत आहे आणि तुम्ही त्यांना विकतचं सॉफ्टवेअर घ्यायला सांगताय? एनव्हीडीएतही इन्सर्ट + एफ७ ने यादी येते, तिथे फॉर्म फील्ड निवडायचं.

जुनाजाणता
फुकट ते पौष्टिक असं नसतं, एवढंच म्हणणं आहे.

टॅबटॅब
ज्याने २००६ मध्ये एनव्हीडीए सुरू केला तो मायकल करन स्वतः अंध आहे. आपल्याला काय लागतं हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. असो, हा वाद दुसऱ्या धाग्यावर घालू.

नवखा
एक शंका, राग मानू नका. दिसत नसताना हा धागा तुम्ही टाइप कसा केलात?

अधीर
कीबोर्डवर. पुढचा प्रश्न?

कोडकरी
मी साइट बनवतो, त्यामुळे अंदाज सांगतो. एरर बहुतेक येतेय, पण नुसती लाल अक्षरांत. फोकस, म्हणजे कीबोर्डची जागा, तिथे जात नाही आणि ती आपोआप वाचली जावी अशी सोय कोडमध्ये केलेली नाही. असे संदेश फोकस न हलवता स्क्रीन रीडरला कळले पाहिजेत, हे डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये, म्हणजे साइट अपंगांनाही वापरता याव्यात यासाठीच्या निकषांत, २०१८ पासून स्पष्ट लिहिलंय. पण वाचतंय कोण! क्रोमची ऑटोफिल बंद करून बघा, कधीकधी तिनेही घोळ होतो.

टॅबटॅब
ऑटोफिलचा इथे काय संबंध? अधीर, असं करा. सबमिट दाबा. मग ब्राउझ मोडमध्येच (पान वाचत फिरायचा मोड) इन्सर्ट + कंट्रोल + एफ दाबून 'आवश्यक' शोधा. नाही सापडलं तर 'चुकीचा'. पुढचं सापडण्यासाठी इन्सर्ट + एफ३. एरर अक्षरांत लिहिलेली असेल तर तिथे कर्सर जाऊन उभा राहील.

अधीर
सापडलं. 'जन्मतारीख आवश्यक'. पण ती मी भरली आहे!!

टॅबटॅब
टाइप केलीत की कॅलेंडरमधून निवडलीत? टॅबने पुढे जाऊन परत या आणि फील्ड वाचा.

अधीर
रिकामं आहे. टाइप केलेलं पुसून टाकतं. हे कोणी बनवलं?

कोडकरी
कॅलेंडरमधून निवडलेलीच तारीख चालते तिथे. आणि ते कॅलेंडर कोडमध्ये पानाच्या अगदी शेवटी जोडलेलं असतं, डोळ्यांना मात्र फील्डखाली दिसतं. म्हणून खाली बाण दाबत गेलात तर तुम्हाला पुढचं फील्डच ऐकू येणार.

टॅबटॅब
हो, हे मी भोगलंय. तारखेच्या फील्डवर एंटर दाबून फोकस मोडमध्ये (फील्डमध्ये टाइप करायचा मोड) जा, कॅलेंडर उघडेल. आता एस्केप दाबू नका, कॅलेंडर बंद होईल. इन्सर्ट + स्पेसने ब्राउझ मोडमध्ये परत या आणि कंट्रोल + एंड. तिथून शिफ्ट + सी ने मागे जा, वर्षाचा कॉम्बो बॉक्स (यादीतून निवडायचं फील्ड) मिळतो का बघा. नसेल तर 'मागील महिना' बटन दाबत तुमच्या जन्मापर्यंत जावं लागेल.

नवखा
लॅपटॉपवर इन्सर्ट कुठे असतं?

टॅबटॅब
इन्सर्टऐवजी कॅप्स लॉकलाही एनव्हीडीए की (एनव्हीडीएच्या आज्ञांसाठीचं बटन) करता येतं, सेटिंग्जमध्ये कीबोर्ड बघा.

निळीशाई
मराठी पीडीएफ वाचताना जोडाक्षरं तुटतात त्यावर काय करता? स्कॅन केलेली असेल तर आधी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) करून घ्या, मी तेच करते.

सहजच
निळीशाई, इथे पीडीएफ कोणी विचारलंय?

अधीर
वर्षाचा कॉम्बो मिळाला, तारीख बसली. तरी सबमिट नाही. आता शोधलं तर 'अटी मान्य करा' येतंय. एक्स दाबला तर 'पुढे चेक बॉक्स नाही' म्हणतो. 'मला अटी मान्य आहेत' हे वाक्य आहे, त्यावर नुसतं 'क्लिकेबल'. एंटर मारला, ऐकू काहीच येत नाही.

कोडकरी
खरा चेक बॉक्स लपवून त्यावर सजवलेला चौकोन लावलाय. दिसायला सुंदर, बाकी तुम्हाला भिंत. एंटरने टिक झालीही असेल, पण तुम्हाला कळायला मार्ग नाही.

टॅबटॅब
म्हणून एंटर पुन्हापुन्हा मारू नका, लागलेली टिक निघेल. आधी सबमिट करून बघा. तीच एरर आली तर त्या वाक्यावर जा, माउस तिथे आणा आणि क्लिक करा. एनव्हीडीएत कीबोर्डचा लॅपटॉप लेआउट निवडलेला असेल तर एनव्हीडीए की + शिफ्ट + एम, मग एनव्हीडीए की + डावा चौकोनी कंस. डेस्कटॉप लेआउटमध्ये इन्सर्ट + नमपॅडचा भागाकार, मग नुसता भागाकार.

जुनाजाणता
अशा साइटला जॉजही काही करू शकत नाही, हे मान्य.

अधीर
माउसच्या क्लिकने झालं. अर्ज क्रमांक मिळाला, कॉपी करून ठेवला. टॅबटॅब, कोडकरी, आभार. साइटवाल्यांना तक्रार करायची आहे. नुसतं 'साइट चालत नाही' लिहिलं तर 'आमच्याकडे चालते' असं उत्तर येतं, अनुभव आहे. नेमकं काय लिहू?

कोडकरी
तीन गोष्टी लिहा. तारीख टाइप करून स्वीकारली जात नाही. अटींचा चेक बॉक्स कीबोर्डला आणि स्क्रीन रीडरला सापडत नाही. एरर आल्यावर ती वाचली जात नाही आणि फोकस चुकलेल्या फील्डवर जात नाही. सोबत ब्राउझर आणि एनव्हीडीएची आवृत्ती द्या. शिवाय माउस बाजूला ठेवून हाच अर्ज भरून बघायला सांगा त्यांना.

नवखा
मी आत्ता माउस न वापरता माझ्या बँकेच्या साइटवर लॉग इन करून बघितलं. मेनूतच अडकलो.

निळीशाई
ओसीआरसाठी मराठी भाषा वेगळी निवडावी लागते, ते सांगायचं राहिलं.