लघवी रोखणारं इम्प्लांट: एम.टेक. प्रकल्पासाठी सल्ला हवा

तन्मय_बायोमेड
प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर आजोबांना खोकला आला की लघवी होते. लग्नकार्याला जाणं त्यांनी सोडूनच दिलंय. मला नस उत्तेजित करणारं छोटं इम्प्लांट करून बघायचंय. या क्षेत्रातलं कुणी आहे का? काय वाचू?

सिस्टर_युरो
तन्मय, खोकल्यावर गळणं वेगळं आणि घाई होऊन वाटेतच होणं वेगळं. नसेचं यंत्र घाईवाल्यांसाठी. माकडहाडाच्या वर, तिसऱ्या त्रिक (सॅक्रल) नसेजवळ तार ठेवतात. अमेरिकेत १९९७ साली मेडट्रॉनिक कंपनीच्या इंटरस्टिम या यंत्राला यासाठी मान्यता मिळाली. आधी तात्पुरती तार घालतात, त्रास निम्म्याने तरी कमी झाला तरच कायमचं यंत्र बसवतात.

आजोबांची लघवी रोखणारी झडप कमजोर झालीय. ऑपरेशनला वर्ष झालं नसेल तर आधी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नीट करून घे, बऱ्याच जणांचं त्यावर भागतं. नाहीच भागलं तर कृत्रिम झडप, एएमएस ८००. मूत्रमार्गाभोवती पट्टा, पोटात फुगा, अंडकोशात पंप. पंप दाबला की पट्ट्यातलं पाणी फुग्यात जातं, लघवी होते, आणि काही मिनिटांत पट्टा आपोआप भरतो.

अडचण पंपाची आहे. तो कातडीखाली चाचपून चिमटीत दाबावा लागतो. बोटं संधिवाताने आखडलेल्या किंवा विसरभोळेपणा वाढलेल्या माणसाला ते जमत नाही, आणि गरज नेमकी याच वयात असते. माझं ऐकशील तर यावरच काम कर.

विनय_काका
ताईंशी सहमत. त्यात दाबाचं गणितही घाल. फुगा बहुतेकदा ६१ ते ७० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाचा असतो आणि तो दाब रात्रंदिवस राहतो. त्याने मूत्रमार्ग पातळ होतो, कधी पट्टा आत रुततो. एरवी सैल, खोकताना घट्ट असा पट्टा जमला तर फार मोठं काम होईल.

वर्षभरात इम्प्लांट होत नाही, ती आशा धरू नकोस. सिलिकॉनची नळी, पंप, दाबाचा सेन्सर घेऊन टेबलावर सिद्ध कर, तेवढं पुरे. आयएसओ १४९७१, म्हणजे वैद्यकीय उपकरणांतले धोके हाताळण्याचं मानक, आत्ताच वाच. धोक्यांची यादी शेवटी लिहायची नसते. आयआयटी मुंबईच्या बेटिक या वैद्यकीय उपकरणांच्या केंद्रात डॉक्टर-इंजिनिअर एकत्र बसतात, तिथे विचार.

तन्मय_बायोमेड
नसेचा विचार सोडला. ताई, पंप हाताळणाऱ्या रुग्णांशी बोलायला परवानगी कुणाकडून घ्यायची?

सिस्टर_युरो
आधी कॉलेजच्या एथिक्स कमिटीकडे अर्ज टाक. त्यांचं पत्र असल्याशिवाय कुठलाच युरॉलॉजिस्ट तुला ओपीडीत बसू देणार नाही.