उत्तर : करार असूनही आरोपी हाती का लागत नाही?

करार झाले तरी शेजारी देशातून आरोपी मिळत नाही, हा मुद्दा बरोबर आहे. पण खोट बहुधा कागदांत असते. सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेचा दहशतवादविरोधी करार १९८७चा, त्यासाठीचा भारतातला कायदा मात्र १९९३चा! देशात कायदा नसेल तर न्यायालयात नुसता करार दाखवून भागत नाही.

इंटरपोल या पोलिसांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची रेड नोटीस, म्हणजे फरार आरोपीला शोधून धरून ठेवण्याची विनंती, हे वॉरंट नव्हे. तिच्यावर अटक करायची की नाही, हे ज्या त्या देशाचा कायदा ठरवतो. दुसऱ्या देशाच्या सांगण्यावरून भारतात तातडीची अटक झालीच, तर भारतीय प्रत्यार्पण कायद्यानुसार (प्रत्यार्पण म्हणजे आरोपी दुसऱ्या देशाच्या हवाली करणं) ६० दिवसांत रीतसर विनंती यावी लागते, नाहीतर माणूस सुटतो. त्यामुळे आरोपी मागणाऱ्या देशाची भाषांतर, साक्षांकित प्रती वगैरे तयारी अटकेच्या आधीच हवी. भारत-बांगलादेश प्रत्यार्पण करारात २०१६च्या दुरुस्तीने पुराव्यांची अट काढून वॉरंट पुरेसं ठरवलं. माझ्या मते दहा शिखर बैठकांपेक्षा ही एक दुरुस्ती मोलाची.

आणि नावांचा घोळ! एकच माणूस कुठे ‘मोहम्मद’, कुठे ‘मुहम्मद’, कुठे नुसता ‘मो.’. म्हणून हव्या असलेल्या आरोपींची यादी पाठवताना वडिलांचं नाव, गाव, ठाणं आणि मुख्य म्हणजे बोटांचे ठसे जोडायचे. नुसत्या नावावर शोध घेतला की भलताच पकडला जातो आणि पुढच्या यादीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.