मदत हवी आहे: बाळंतपणात बाळाच्या मेंदूला इजा, नुकसानभरपाईचा दावा कुठे करायचा?

मामा_कोरेगावकर
बहिणीचं बाळ जन्मताच रडलं नाही. काचेत ठेवलं, मग मोठ्या दवाखान्यात हलवलं. आता न्यूरोवाले म्हणतात मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, सीपी (सेरेब्रल पाल्सी, मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर परिणाम) आहे. मान धरत नाही, आकडी येते. बाळंतपण झालं त्या दवाखान्यावर केस करायची आहे, एक कोटीच्या खाली बोलणार नाही. एक वकील म्हणतो मुंबईला राज्य ग्राहक आयोगात जावं लागेल, दुसरा म्हणतो आधी पोलिसांत द्या. नक्की कुठे? "धीर धरा" कृपया कोणी सांगू नका, ते सांगणारे घरात भरपूर आहेत.

पायरी_चढलेला
दवाखाना सरकारी की खाजगी? बाळ केवढं आहे? कागद कुठले हातात आहेत?

मामा_कोरेगावकर
खाजगी. कागद फाइलभर आहेत. मुद्द्याचं बोला ना.

ओपीडीनंतर
मुद्दा कागदातच असतो साहेब. किती आठवडे, वजन किती, पाणी कधी गेलं, बाळाने पोटात शी केली होती का, एपगार (जन्मताच बाळाला दिलेले दहापैकी गुण) किती, एमआरआय कितव्या दिवशी? सीपीच्या बहुतेक मुलांत कारण बाळंतपणाच्या त्या काही तासांतलं नसतं. अपुरे दिवस, संसर्ग, गर्भातली वाढ, बरंच काही असतं. "रडलं नाही" एवढ्यावर डॉक्टरला फासावर चढवू नका.

पायरी_चढलेला
सुरू झाली डॉक्टरांची युनियन.

टॅम्पाकरीण
आमच्याकडे फ्लोरिडात यासाठी १९८८ पासून वेगळी योजनाच आहे, नायका म्हणतात. डॉक्टर योजनेत असेल तर त्याची चूक सिद्धच करावी लागत नाही! प्रशासकीय न्यायाधीश फक्त इजा व्याख्येत बसते का ते बघतो, आणि बसली तर उपचारखर्च आयुष्यभर. पाच वर्षांच्या आत अर्ज करायचा.

बाररूम
ताई, कोरेगावच्या माणसाला याचा काय उपयोग? शिवाय तिथेही बाळ किमान २५०० ग्रॅमचं हवं, इजा शारीरिक आणि मानसिक दोन्ही हवी, कायमची आणि मोठी हवी. बुद्धी शाबूत राहिली म्हणून बाहेर पडलेली मुलं आहेत. आणि एकदा योजनेत बसलं की डॉक्टरवर साधारणपणे दावा करता येत नाही. आपल्याकडे तशी योजनाच नाही. निष्काळजी सिद्ध करा, तिच्यामुळेच इजा झाली हेही सिद्ध करा.

मामा, राज्य आयोग वगैरे काही नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यापासून तुम्ही किती मागता यावर आयोग ठरत नाही, दवाखान्याला किती पैसे भरले यावर ठरतो. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. मागा एक कोटी, दावा साताऱ्यातच. बिल ५ लाखांच्या आत असेल तर फीसुद्धा शून्य. पोलिसांचं विसरा. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालापासून (२००५) फौजदारीला ढोबळ, घोर निष्काळजी लागते आणि आधी स्वतंत्र डॉक्टरचं मत लागतं. बाळ केवढं आहे, हे दुसऱ्यांदा विचारलं जातंय.

मामा_कोरेगावकर
२२ महिने.

बाररूम
हे आधी सांगायचं ना! मुदत दोन वर्षांची आहे. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण समोरचा वकील पहिली दोन वर्षं त्याच अर्जावर घालवेल. मुदत जन्मापासून की निदानापासून हा वाद नंतर. दुसऱ्या वाढदिवसाच्या आत दाखल करा.

सुईदोरा
कोणी बाळाचं विचारतच नाहीये. सिव्हिलला डीईआयसी (अशा मुलांसाठीचं सरकारी लवकर-उपचार केंद्र) आहे का बघा, तिथे थेरपी सुरू करा. नॅशनल ट्रस्टची (अपंगांसाठीची केंद्र सरकारची संस्था) निरामय योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण, त्यात थेरपीसुद्धा येते. माझ्या पुतण्यासाठी आम्ही तीच वापरतो. केस चालेल तेव्हा चालेल.

नवी_आशा
स्टेम सेल करून बघा, आमच्या ओळखीत एकाला

ओपीडीनंतर
कृपया नको. आयसीएमआरच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) नियमांत सीपीसाठी ती मान्य उपचारपद्धती नाही. जमीन विकून इंजेक्शनं देणारे पाहिलेत.

पायरी_चढलेला
मामा, मेंदू वाचवायला बाळाचं अंग थंड करण्याचा उपचार दिला होता का? सहा तासांच्या आत सुरू करावा लागतो. नसेल दिला तर केस पक्की.

ओपीडीनंतर
अर्धवट माहिती. हेलिक्स चाचणी, २०२१: भारत, श्रीलंका, बांगलादेशातली रुग्णालयं. थंड केलेल्या गटात मृत्यू जास्त निघाले. त्या मुद्द्यावर उभे राहिलात तर समोरचा हाच पेपर टेबलावर ठेवेल.

मामा_कोरेगावकर
फाइल काढून बसलोय. ३९ आठवडे, २.९ किलो. पाणी संध्याकाळी गेलं, हिरवट होतं. रात्रभर कळा. डॉक्टर घरी, सिस्टर फोनवर विचारून करत होती. पहाटे सिझर. एपगार ३, मग ४. डिस्चार्ज कार्डावर एचआयई (ऑक्सिजन कमी पडून मेंदूला इजा) स्टेज २. एमआरआय आठव्या दिवशी, त्यात बेसल गँग्लिया असं काहीतरी आहे. बाळाच्या ठोक्यांच्या कागदावर रात्री दर अर्ध्या तासाला १४०, १४०, १४० असंच खाली पाच वाजेपर्यंत, एकाच पेनाने. सिझरच्या नोटमध्ये कारण "फीटल डिस्ट्रेस", म्हणजे पोटात बाळाला त्रास.

ओपीडीनंतर
थांबा. हिरवं पाणी (म्हणजे बाळाने पोटात शी केलेली) असताना रात्रभर ठोके एका आकड्यावर राहत नाहीत, निरोगी बाळाचेही राहत नाहीत. आणि १४० होते तर डिस्ट्रेस कसला? दोन्हीतलं एक नंतर लिहिलंय. एमआरआयही बाळंतपणाच्या वेळच्या इजेशी जुळतो. नाळेच्या रक्ताचा गॅस (रक्तातली आम्लता बघायची चाचणी) केला होता का? पीएच ७ च्या खाली असता तर वादच नव्हता. छोट्या दवाखान्यात बहुतेक करत नाहीत.

मामा_कोरेगावकर
तसा कागद नाही.

पायरी_चढलेला
युनियन फुटली :)

ओपीडीनंतर
फुटली नाही. मी अजूनही म्हणतो, सिझरचा निर्णय किती वाजता झाला आणि बाळ किती वाजता निघालं हे कळल्याशिवाय निष्काळजी म्हणता येत नाही. भूलतज्ज्ञ तालुक्याला रात्री मिळत नाही, हे आयोगाला कोण सांगणार?

बाररूम
मिळत नव्हता तर पाणी हिरवं दिसताच पुढे पाठवायचं होतं. असो. मामा, तुमच्याकडे आहे ती फोटोकॉपी. पूर्ण केसपेपरचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्यात असा नियम आहे, आणि तीन वर्षं जपायच्या. नर्सिंग नोट्स, भुलीचा कागद, ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर नाव घेऊन मागा. नाही दिलं तर तेही तुमच्याच बाजूने वाचलं जातं. सोबत एका नवजात तज्ज्ञाचं लेखी मत जोडा. सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल म्हणतो प्रत्येक केसमध्ये लागत नाही, पण तुमच्यात लागेल.

पायरी_चढलेला
आमच्या केसमध्ये तज्ज्ञ मिळालाच नाही, कोणी डॉक्टर डॉक्टरविरुद्ध लिहून देत नाही.

ओपीडीनंतर
निवृत्त प्राध्यापकांना विचारा. देतात.

मामा_कोरेगावकर
एक कोटी मिळतील का ते कोणीच सांगितलं नाही.

बाररूम
आकडा तोंडी ठरत नाही. फिजिओ, आकडीची औषधं, सांभाळायला माणूस, बहिणीची नोकरी सुटली असेल तर ती, पुढच्या आयुष्याचा खर्च, सगळं पावतीसह मांडा. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज निकालात मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना त्यांच्या मनस्तापाचे वेगळे पाच लाख कायम झाले. दोघेही ग्राहक धरले गेले. तेव्हा तक्रार बाळाच्या नावाने पालकामार्फत, आणि आईवडिलांच्या स्वतःच्या नावानेही.

मामा_कोरेगावकर
मीच सगळी धावपळ करतोय, सही माझी चालेल ना?

बाररूम
नाही. दाजींना सांगा ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर खातं उघडायला. आणि केसपेपरचा अर्ज उद्याच द्या.