ना-नफा असलो तरी जबाबदारी आपलीच

व्यावसायिकांच्या संघटनेने सभासदांची नावं आणि संपर्क यांची यादी संकेतस्थळावर टाकावी का, या चर्चेत एक मुद्दा आला: 'आपली संघटना ना-नफा, यादी सभासदांचीच, मग संकेतस्थळावर टाकायला हरकत काय?' तो मला पटत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ यात ना-नफा संस्थांना सरसकट सूट नाही. सभासदाने स्वतःहून जाहीर केलेली किंवा कायद्याच्या बंधनामुळे जाहीर झालेली माहिती या कायद्यातून वगळली आहे, पण संघटनेने फॉर्मवरून उचलून टाकलेला मोबाइल नंबर त्या अपवादात बसत नाही. उदाहरणार्थ, वैद्यकीय परिषदेची नोंदवही कायद्यानेच जाहीर होते, डॉक्टरांच्या संघटनेची यादी तशी नाही.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य बंधनं लागू व्हायला त्यांत १८ महिन्यांची मुदत होती. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. छोट्या संघटनेला एवढा दंड होईल असं मला वाटत नाही, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नये.

माझा आग्रह संमतीवर आहे. सभासदत्वाच्या अर्जातली एक ओळ पुरेशी नाही. यादीसाठी वेगळी विचारणा हवी, मराठीतही, आणि नाव काढून घेणं नाव देण्याइतकंच सोपं हवं. घरचा पत्ता तर मुळीच नको. घरूनच काम करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या सभासद भगिनींचा विचार करा. त्यांच्यासाठी संकेतस्थळावर निरोपाचा फॉर्म ठेवा, आलेला निरोप कार्यालयातून पुढे पाठवता येतो.

शिवाय 'आमचे तज्ज्ञ' असं शीर्षक देऊ नका. लोक त्याला संघटनेची शिफारस समजतात. पात्रता आपण तपासली नसेल तर तसं यादीच्या वरच स्पष्ट लिहा.