आयासोफियाचं २५ युरोंचं तिकीट: काढावं की बाहेरूनच नमस्कार करावा?

भटकभवानी: एप्रिलच्या सुट्टीत आई, नवरा आणि मी इस्तंबूलला जाऊन आलो. ट्यूलिप ऐन बहरात होते, हवाही मस्त. पण आयासोफिया या प्रचंड घुमटाच्या जुन्या मशिदीने निराशा केली. माणशी २५ युरो, तिघांचे ७५. जानेवारी २०२४ पासून पर्यटकांना खालच्या मुख्य दालनात सोडत नाहीत. वरच्या सज्जात जायचं, कठड्यावरून खाली डोकवायचं आणि बाहेर पडायचं. ज्या घुमटाच्या बरोबर खाली उभं राहून मान वर करायची म्हणून एवढ्या लांब जायचं, तेच नाही! वरची चढण आईच्या गुडघ्यांनी कशीबशी निभावली. समोरची निळी मशीद फुकट, वास्तुकार सिनानने बांधलेली सुलेमानिये मशीद फुकट, आणि तिथे थेट घुमटाखाली उभं राहता येतं. माझं मत: आयासोफिया बाहेरून बघा, पैसे कबाबवर घालवा.

चुनखडी: साफ असहमत. अहो, खरा ऐवज सज्जातच तर आहे! डीसिसचं मोझेक, म्हणजे बारीक रंगीत तुकडे जोडून केलेलं भिंतीवरचं चित्र, पाहिलंत ना? मध्ये येशू, बाजूंना मरियम आणि योहान. खालचा बराच भाग गळून गेलाय, पण चेहरे असे की पाय निघत नाही. पलीकडे सम्राज्ञी झोई. तिच्या शेजारच्या सम्राटाचा चेहरा नंतर बदललेला आहे. नवा नवरा आला, म्हणून चित्रातही नवा बसवला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आणि कठड्याच्या संगमरवरावर कुणा वायकिंगने, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या दर्यावर्दीने, त्याच्या रूनी लिपीत कोरलेलं नाव, हाल्फदान. आपल्या गडांवर बदाम कोरणाऱ्यांचा पूर्वजच! यासाठी मी पन्नासही दिले असते.

हिशेबी काका: वेरूळला आपण ४० रुपये देतो आणि परदेशी पाहुण्याकडून ६०० घेतो. पंधरापट. तेव्हा कुणाला वाईट वाटत नाही. आपण पाहुणे झालो की लगेच लूट?

भटकभवानी: काका, ६०० देणारा कैलास लेण्यात हवा तिथे फिरतो. त्याला कुणी सज्जावरून बघून परत जा म्हणत नाही. तुलना पैशांची नाही, दालनाची आहे.

उंबरठा: दालन बंद आहे कारण तिथे नमाज होतो. ५३७ साली चर्च, १४५३ नंतर मशीद, १९३५ पासून संग्रहालय, २०२० पासून पुन्हा मशीद. विठ्ठलाच्या गाभाऱ्यात कुणी सेल्फीकाठी घेऊन घुसला तर चालेल का आपल्याला?

चुनखडी: तिकिटाच्या बाजूने असलो तरी इथे मी तुमच्या विरोधात. ही वास्तू आधी चर्च होती. इथे नमाजाच्या वेळी कमानीतल्या मरियमवर पडदा ओढतात. संग्रहालय होतं तेव्हा ती वास्तू सगळ्यांची होती.

उंबरठा: सगळ्यांची म्हणजे तिकीट काढणाऱ्या सगळ्यांची. संग्रहालयातही दाराशी खिडकी होतीच की. आणि ५५८ साली पहिला घुमट कोसळला होता, हेही लक्षात घ्या. मशिदीच्या काळात सिनानने बाहेरून धिरे दिले, म्हणून आज तुम्हाला भांडायला इमारत शिल्लक आहे.

चुनखडी: धिऱ्यांचं मान्य. पडद्याचं नाही.

हिशेबी काका: मूळ प्रश्न राहिला बाजूला. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी वर चढावं की नाही?

भटकभवानी: गुडघे दुखत असतील तर नको, यावर मी ठाम. पण झोईचं वाचून आई सकाळपासून मागे लागलीय, 'आपण पाहिली का गं ती?' नवऱ्याच्या फोनमध्ये आत्ता सापडली. अर्धी. बाकी अर्ध्यात पुढच्या माणसाची टोपी.