मदत हवी आहे: अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजची खेळाची स्कॉलरशिप, करारावर सही करावी का?

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकचे. लेक बारावीला आहे, १७ वर्षांची, आठव्या वर्षापासून टेनिस खेळते. टेक्सासमधल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजच्या, कोचने तिचे व्हिडिओ पाहून ऑगस्टपासून येशील का असं विचारलं. दोनदा व्हिडिओ कॉल झाला आणि दोन्ही वेळा ते "फुल राइड", म्हणजे सगळा खर्च कॉलेजचा, असं म्हणाले. आम्ही घरात पेढे वाटले.

काल रात्री कराराचा कागद ईमेलने आला, शुक्रवारपर्यंत सही करून हवाय. त्यात एकेका खर्चासमोर चौकट आहे. ट्यूशन (कॉलेजात शिकवण्याचे पैसे), इतर फी, पुस्तकं, राहण्याची खोली यांसमोर खूण आहे. जेवणासमोरची चौकट मात्र कोरी आहे. मी तीन वेळा मोठं करून पाहिलं, कोरीच आहे.

लेक म्हणते, "आई, काही विचारू नकोस, ते दुसऱ्या कुणाला घेतील." तिच्या बाबांना वाटतं की कोचचा शब्द आहे, पुढे बघू. मला झोप नाही. सही केली आणि नंतर एखाद्या चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीने बोलावलं तर ही अडकेल का? खेळताना पाय मुरगळला तर स्कॉलरशिप जाते का? हा कागद दोन्ही वर्षांसाठी धरायचा का? कुणाच्या घरात यातून गेलेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

जुनी_रॅकेट:

ताई, मी पुण्याहून जाऊन दोन वर्षं अशाच कॉलेजात खेळले, म्हणून लिहिते. आधी चौकटीचं. ही कॉलेजं बहुतेक एनजेसीएए नावाच्या संघटनेत असतात आणि तिथे तीन डिव्हिजन आहेत. डिव्हिजन एकला ट्यूशन, फी, पुस्तकं, राहणं, जेवण, शिवाय वर्षातून एकदा जाण्यायेण्याचा खर्च, एवढं सगळं देता येतं. दोनला राहणं-जेवण देता येत नाही. तीनला खेळासाठी पैसे देताच येत नाहीत. (कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांची संघटना वेगळी आहे आणि तिथेही खेळाची स्कॉलरशिप नसते. तिकडून कुणी एजंट "स्कॉलरशिप मिळवून देतो" म्हणाला तर फोन ठेवा.)

तुमच्या कागदावर खोलीसमोर खूण आहे, म्हणजे कॉलेज डिव्हिजन एकमधलं असणार. मग जेवण द्यायला नियमाची आडकाठी नाही. चौकट कोरी आहे ती एकतर नजरचुकीने, नाहीतर त्यांना जेवण द्यायचंच नाही म्हणून. हे विचारल्याशिवाय कळणार नाही. आणि विचारायचं ते ईमेलने, फोनवर नाही. "फुल राइड" हा कोचच्या तोंडचा शब्द आहे. कॉलेज बांधील असतं ते कागदावर खूण केलेल्या गोष्टींना.

करार एका शैक्षणिक वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी नवा कागद येतो, आणि तो कमी रकमेचाही येऊ शकतो. माझंच सांगते. पहिल्या वर्षी फेब्रुवारीत घोटा गेला. दोन महिने कुबड्या घेऊन वर्गात जात होते. त्या वर्षाचे पैसे शेवटपर्यंत मिळाले, कारण कागद वर्षाचा होता. दुसऱ्या वर्षीच्या कागदावर फक्त ट्यूशन होतं. बाबांना फोन करताना माझा आवाज फुटत नव्हता. म्हणून रद्द करण्याच्या अटींचा भाग लेकीसोबत बसून ओळ न् ओळ वाचा आणि दुखापतीचं काय, हे त्याच ईमेलमध्ये विचारा.

पारनाका:

युनिव्हर्सिटीच्या प्रश्नाबद्दल. एनजेसीएएचं लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे तुम्ही सही करणार ते पत्र, त्या संघटनेच्या कॉलेजांपुरतं बांधतं. सही केल्यावर त्यांतल्याच दुसऱ्या कॉलेजात खेळायचं झालं तर पहिल्याकडून रिलीज (मोकळं केल्याचं पत्र) घ्यावा लागतो, आणि अशा दोन कॉलेजांच्या कागदांवर सह्या केल्या तर मुलगी स्वतःच अडचणीत येते. एनसीएए या दुसऱ्या संघटनेतल्या चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीला मात्र हे पत्र अडवत नाही. (एनसीएएची स्वतःची नॅशनल लेटर ऑफ इंटेंटची पद्धत २०२४ मध्ये बंद झाली, त्यामुळे जुन्या लेखांवर विसंबू नका.) दोन वर्षांनी एनसीएए डिव्हिजन एकमध्ये जायचं असेल तर ट्रान्सफर होणाऱ्या क्रेडिटमध्ये (विषयांच्या गुणभारात) २.५ जीपीए, म्हणजे ४ पैकी सरासरी श्रेणी, लागतो. तेव्हा कोणते विषय पुढे धरले जातात हे पहिल्याच सेमिस्टरला विचारायला सांगा.

ताकभात:

माझा भाचा या वाटेने गेला. त्या कोऱ्या चौकटीचा थेट संबंध व्हिसाशी आहे. कॉलेज व्हिसासाठी जो आय-२० नावाचा कागद देतं त्यात वर्षाचा एकूण खर्च आणि तो कुठून येणार हे लिहिलेलं असतं. जेवण कॉलेज देत नसेल तर तेवढी रक्कम तुमच्या खात्यात दाखवावी लागेल. सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) ३५० डॉलर फी वेगळी, आणि आरोग्य विमा कुणाकडे हेही विचारा.

दुसरं, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टरला १२ क्रेडिट पूर्ण हवेत, आणि त्यात ऑनलाइनचा एकच विषय, म्हणजे ३ क्रेडिट, धरला जातो. सामन्यांसाठी बाहेरगावी जाणारी मुलं ऑनलाइन विषय घेत सुटतात आणि व्हिसा धोक्यात येतो. हे कोच नाही, इंटरनॅशनल ऑफिस सांगेल.

तिसरं, ट्यूशन, सक्तीची फी आणि पुस्तकांच्या स्कॉलरशिपवर कर नाही, पण राहण्या-जेवणाच्या रकमेवर आहे, आणि त्यातून १४ टक्के कापून घेतात. भारत-अमेरिका करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, म्हणून १०४०-एनआर हा अमेरिकेतला कर विवरणाचा फॉर्म भरला आणि भाच्याला बरेच पैसे परत आले. तो भरायला विसरू देऊ नका.

गोदाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल लेकीनेच ईमेल लिहिला, मी शेजारी बसले होते. आज पहाटे उत्तर आलं. कोच अजिबात रागावले नाहीत. जेवण या वर्षी बजेटमध्ये नाही, चौकट मुद्दामच कोरी आहे, असं त्यांनी सरळ लिहिलंय. सहीसाठी आणखी एक आठवडा दिलाय. वर्षाच्या मील प्लॅनचा आकडा आणि दुखापतीबद्दलचं लेखी उत्तर अ‍ॅथलेटिक डायरेक्टरकडून मागवलंय. बाबा बँकेत चौकशीला गेलेत. आकडा परवडला तर सही करू. १७ वर्षांची असल्यामुळे तिच्या सहीखाली आमच्यापैकी एकाची सही लागेल. ती मीच करणार, असं लेकीने आत्ताच सांगून ठेवलंय.