रक्तातले कॅल्शियम आणि हाडातले कॅल्शियम
नाचणीची भाकरी आणि दूध रोज पोटात गेले की रजोनिवृत्तीनंतरही हाडांची काळजी उरत नाही, असा एक समज आहे. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते हे खरेच. पण ड जीवनसत्त्व कमी असेल तर आतड्यातून ते पुरेसे शोषले जात नाही, रक्तातली पातळी उतरू लागते आणि गळ्यातल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढून ती तूट भरते. त्यात रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटले की हाड झिजवणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो. उंबऱ्याला अडखळून माझ्या आईचे मनगट मोडले, तेव्हा तिच्या रक्तातले कॅल्शियम अगदी योग्य होते. हाडांच्या घनतेची तपासणी मात्र त्यानंतरच झाली.